मूलभूत विद्युत संज्ञा (वीजतंत्री)

वीजजोडणी करताना, तपासताना आणि दुरुस्त करताना वीजतंत्रीला ज्या राशी, वाहक व संरक्षक साधने यांच्याशी नित्य संबंध येतो, त्यांच्या नावांना मूलभूत विद्युत संज्ञा म्हणतात. विद्युत दाब, विद्युत प्रवाह, रोध, शक्ती, ऊर्जा, फेज, न्यूट्रल, अर्थिंग, वितळतार आणि गळतीरोधक स्विच या त्यांतील प्रमुख होत. या संज्ञा परस्परांशी निगडित असल्या तरी एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. न्यूट्रल आणि अर्थिंग एकच समजणे, किंवा वितळतार माणसाचेही रक्षण करते असे मानणे, यांसारख्या गैरसमजांतून प्राणघातक अपघात घडतात. या लेखातील उदाहरणे मुख्यतः यवतमाळ जिल्ह्यातील शेतीपंप व घरगुती जोडणी यांच्या परिस्थितीला धरून दिली आहेत.

परिभाषा

मराठीत विजेची परिभाषा तीन स्तरांवर आढळते. शालेय पाठ्यपुस्तकांत विभवांतर, विद्युतधारा व रोध हे शब्द येतात. कोशवाङ्मयात व तांत्रिक लेखनात विद्युत दाब, विद्युत प्रवाह, रोहित्र, वितळतार हे शब्द रूढ आहेत. प्रत्यक्ष कामाच्या जागी मात्र व्होल्टेज, करंट, डीपी, फ्यूज, लोड हेच शब्द चालतात. गावातील खांबांवर बसवलेल्या वितरण रोहित्राला ‘डीपी’ म्हणण्याची पद्धत विदर्भातही सर्वत्र आहे. बोलीत ‘करंट लागला’ म्हणजे विजेचा धक्का बसला, आणि ‘लाइन गेली’ म्हणजे पुरवठा बंद झाला. बोलीतील ‘करंट’ ही तांत्रिक राशी नव्हे, हे नवशिक्याने प्रथम ध्यानात घ्यावे लागते. तारेत प्रवाह वाहत नसतानाही तिच्यावर दाब असू शकतो, आणि अशी तार स्पर्शास तितकीच घातक असते.

दाब, प्रवाह आणि रोध

वाहकातून विद्युतभार ढकलणाऱ्या कारणाला विद्युत दाब म्हणतात. त्याचे एकक व्होल्ट असून ते १८०० साली विद्युतघटांची पहिली चळत तयार करणारे इटालियन वैज्ञानिक आलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या नावावरून आले आहे. दाब नेहमी दोन बिंदूंमध्ये मोजला जातो, म्हणून व्होल्टमापकाला दोन टोके असतात. एका सेकंदात वाहकाच्या छेदातून जाणारा विद्युतभार म्हणजे प्रवाह. त्याचे एकक अँपिअर हे फ्रेंच वैज्ञानिक आंद्रे-मारी अँपिअर यांच्या नावाचे आहे. प्रवाहाला वाहकाकडून होणारा अडथळा म्हणजे रोध. त्याचे एकक ओहम.

गेऑर्ग झिमोन ओम या जर्मन वैज्ञानिकांनी १८२७ मध्ये या तीन राशींचा संबंध प्रसिद्ध केला. तापमान स्थिर असताना प्रवाह हा दाबाला रोधाने भागून मिळतो. २३० व्होल्ट दाबावर ४६ ओहम रोधाचे तापक उपकरण जोडल्यास त्यातून ५ अँपिअर प्रवाह जातो.

पाण्याच्या टाकीची उपमा येथे उपयोगी पडते. टाकीची उंची म्हणजे दाब, नळातून वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह, आणि नळाचा अरुंदपणा म्हणजे रोध. ही उपमा एका जागी मात्र अपुरी ठरते. फुटक्या नळातून पाणी बाहेर सांडते. विजेला परतीचा मार्ग मिळाल्याशिवाय ती वाहत नाही. या पूर्ण मार्गाला विद्युत मंडल म्हणतात. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने फेजला स्पर्श केल्यास त्याचे शरीर व जमीन मिळून हा परतीचा मार्ग तयार होतो.

वाहकाचा रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो व छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटतो. विहीर डीपीपासून दूर असली की याचा परिणाम जाणवतो. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या ३०० मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे २ ओहम असतो. तिच्यातून ८ अँपिअर प्रवाह गेल्यास तारेतच १६ व्होल्ट दाब खर्ची पडतो. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हाच रोध सुमारे १.३ ओहमवर येतो. ‘व्होल्टेज कमी आहे’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा डीपीत नसून डीपीपासून पंपापर्यंतच्या लांब व बारीक केबलमध्ये असते.

शक्ती आणि ऊर्जा

ऊर्जा वापरण्याच्या वेगाला शक्ती म्हणतात. तिचे एकक वॉट आहे. तापक उपकरणात दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती होय. मोटारीत प्रवाहाचा काही भाग चुंबकक्षेत्र राखण्यासाठी लागतो व तो उपयुक्त काम करीत नाही. म्हणून तेथे या गुणाकाराला शक्तिगुणकाने गुणावे लागते.

१ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. ५ अश्वशक्तीचा पंप ३,७३० वॉट यांत्रिक शक्ती देतो. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास ती विजेच्या रूपाने सुमारे ४,७०० वॉट घेते. १ किलोवॉट शक्ती एक तास वापरली की एक ‘युनिट’ होते. त्यामुळे हा पंप सहा तास चालल्यास सुमारे २८ युनिट वीज खर्च होते. देयकात मोजली जाते ती ऊर्जा, मोटारीच्या पट्टीवर लिहिलेली असते ती शक्ती.

एक फेज आणि तीन फेज

महाराष्ट्रात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ व एक फेज असा असतो. हर्ट्‌झ हे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या दर सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांचे एकक आहे. ११,००० व्होल्टची वाहिनी डीपीपर्यंत येते आणि तेथून तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणत्याही फेजचा न्यूट्रलशी दाब सुमारे २३० व्होल्ट, तर दोन फेजमधील दाब ४०० ते ४१५ व्होल्ट असतो. जिल्ह्यातील हे वितरण महावितरण कंपनीकडे आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन ती अस्तित्वात आली.

५ अश्वशक्तीची त्रिकला मोटार प्रत्येक फेजमधून सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेते. चालू असताना एक फेज गेल्यास मोटार थांबेलच असे नाही. उरलेल्या दोन फेज तोच भार वाहू लागतात व त्यांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्या वेटोळ्यांत ती जवळजवळ तिप्पट होते आणि मोटार जळते. स्टार्टरमधील अतिभार रिले व फेज गेल्याची नोंद घेणारे संरक्षक हे टाळण्यासाठी असतात. रिले वारंवार पडतो म्हणून तो बांधून ठेवणे म्हणजे मोटार जाळण्याची तयारी करणे होय.

न्यूट्रल आणि अर्थिंग

न्यूट्रल ही प्रवाहाची नेहमीची परतीची वाट आहे. उपकरण चालू असताना तिच्यातून प्रवाह वाहतो. अर्थिंग म्हणजे उपकरणाचा धातूचा सांगाडा जमिनीशी जोडणे. तिच्यातून एरवी प्रवाह जात नाही. दोष उद्भवला तरच जातो. डीपीजवळ न्यूट्रल स्वतः जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे मापकावर दोन्ही सारख्याच दिसतात. गैरसमजाचे मूळ येथे आहे.

न्यूट्रलच्या जागी अर्थिंग वापरून दिवा लावला तर तो पेटतो. मात्र त्याचा प्रवाह अर्थिंगच्या सळईतून जमिनीत जातो आणि त्या सळईला जोडलेल्या प्रत्येक सांगाड्यावर दाब चढतो. उलट, न्यूट्रलची तार तुटली तर दिवा विझतो, पण तुटलेल्या टोकापर्यंत फेजचा दाब पोहोचलेला असतो. तीन फेजच्या वाहिनीत मुख्य न्यूट्रल तुटल्यास काही घरांत दाब २३० व्होल्टच्या पुष्कळ वर जातो व उपकरणे जळतात.

जमिनीचा रोध तिच्या ओलाव्यावर अवलंबून असतो. यवतमाळ जिल्ह्यातील कापसाची काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि अर्थिंगला अनुकूल ठरते. उन्हाळ्यात ती भेगाळते व सळईभोवतालचा संपर्क सुटतो. पावसाळ्यात चांगली आढळलेली अर्थिंग मे महिन्यात तशीच राहील असे मानता येत नाही. खड्डा ओला ठेवणे व उन्हाळ्यात रोध पुन्हा मोजणे आवश्यक असते. अर्थिंगच्या पद्धतीसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे.

वितळतार, एमसीबी आणि आरसीसीबी

वितळतार व एमसीबी ही साधने तारेत मर्यादेबाहेर प्रवाह गेल्यास मंडल तोडतात. ती तारांचे व उपकरणांचे आगीपासून रक्षण करतात. माणसाचे रक्षण हे त्यांचे काम नव्हे, हे पुढील उदाहरणावरून कळते.

पंपाच्या सांगाड्याला आतून फेज टेकली आहे, पंपाच्या अर्थिंगचा रोध ८ ओहम आणि डीपीच्या अर्थिंगचा २ ओहम आहे असे समजू. जमिनीतून जाणारा प्रवाह २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर होतो. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेत असल्याने २० अँपिअरची वितळतार घातलेली असते. ती २३ अँपिअरला लगेच वितळेलच असे नाही. दरम्यान सांगाड्यावर २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्ट दाब असतो. उन्हाळ्यात पंपाच्या अर्थिंगचा रोध ३८ ओहम झाला तर प्रवाह ६ अँपिअरहूनही कमी होतो, वितळतार शाबूत राहते, आणि सांगाड्यावरील दाब २१८ व्होल्टवर जातो. अर्थिंग केलेली आहे, वितळतार योग्य आहे, तरीही पंपाला हात लावणारा माणूस दगावू शकतो.

ही उणीव आरसीसीबी हे साधन भरून काढते. जाणाऱ्या व परत येणाऱ्या प्रवाहांची ते तुलना करते. त्यांत ठरावीक फरक पडला, म्हणजे काही प्रवाह जमिनीत जाऊ लागला, की ते सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडते. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी वापरतात. अर्थिंग चांगली असल्यास दोष निर्माण होताच ते पडते, कोणी स्पर्श करण्याची वाट पाहत नाही. एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला मात्र ते वाचवू शकत नाही, कारण तेथे दोन्ही प्रवाह समान राहतात.

शरीरावरील परिणाम

धक्क्याची तीव्रता शरीरातून जाणारा प्रवाह, त्याचा मार्ग आणि त्याचा कालावधी यांवर ठरते. सुमारे १० मिलिअँपिअरला स्नायू आखडतात व धरलेली तार सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरपासून पुढे श्वसन व हृदयाचे ठोके धोक्यात येतात. शरीराचा रोध १,००० ओहम धरल्यास वरील उदाहरणातील १८४ व्होल्टमुळे १८४ मिलिअँपिअर प्रवाह जातो. २० अँपिअरच्या वितळतारेच्या दृष्टीने हा प्रवाह शंभरावा हिस्साही नाही.

कुंपणात सोडलेली वीज

टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये असलेल्या या जिल्ह्यात रानडुकरे व नीलगायी यांच्यापासून पिकाचे रक्षण हा शेतकऱ्यांपुढील खरा प्रश्न आहे. त्यावर वाहिनीवर आकडा टाकून किंवा पंपाच्या जोडणीतून कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडण्याचा मार्ग घातक आहे. अशा तारेवर २३० व्होल्ट अखंड दाब असतो व स्पर्श सुटेपर्यंत प्रवाह वाहत राहतो. वाघ, गुरे, शेजारी किंवा शेतमालक यांत ती भेद करीत नाही. हे कृत्य विद्युत अधिनियम, २००३ व वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांखालील कारवाईस पात्र ठरते.

मान्यताप्राप्त ‘झटका मशीन’ याहून वेगळे असते. त्याचा दाब हजारो व्होल्ट असला तरी तो सेकंदाला सुमारे एक, अत्यल्प काळाच्या स्पंदाने येतो आणि प्रत्येक स्पंदातील ऊर्जा मर्यादित असते. प्राण्याला वेदना होते व दोन स्पंदांमध्ये सुटण्यास अवधी मिळतो. दाब अधिक म्हणजे धोका अधिक, हे गृहीत येथे खोटे ठरते.

कामापूर्वीची तपासणी

घरगुती तारकामात फेजसाठी लाल, न्यूट्रलसाठी काळी व अर्थिंगसाठी हिरवी तार हा संकेत दीर्घकाळ रूढ आहे. पण रंगावर विसंबून तारेला हात लावू नये. पुरवठा बंद करून वितळतारा काढून स्वतःजवळ ठेवाव्यात. टेस्टर प्रथम चालू तारेवर तपासावा, मग कामाच्या जागी तीनही फेज व न्यूट्रल तपासावेत, आणि शेवटी टेस्टर पुन्हा चालू तारेवर पडताळावा. डीपीवरील काम केवळ महावितरणच्या अधिकृत कर्मचाऱ्याने करावयाचे असते.

सौर पंपांच्या बाबतीत आणखी एक दक्षता लागते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. सौर पट्ट्यांतून एकदिश प्रवाह मिळतो, आणि स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पट्ट्यांच्या टोकांवर दाब कायम राहतो. एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही, म्हणून भार चालू असताना त्यांचे जोड ओढून काढू नयेत.

प्रशिक्षण व नियम

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘वीजतंत्री’ व ‘तारतंत्री’ हे दोन स्वतंत्र व्यवसाय अभ्यासक्रम आहेत. वीजतंत्री अभ्यासक्रमाची मुदत दोन वर्षांची आहे. जोडणीच्या सुरक्षिततेस केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा व वीजपुरवठाविषयक विनियम लागू आहेत, तर इमारतींतील तारकामासाठी आयएस ७३२ हे मानक आहे.