पानाची उत्तरपूजा

बाप्पा आज जायचा होता आणि आमचा धाकटा नातू सकाळपासून रुसून बसला होता. उत्तरपूजा होऊच द्यायची नाही, असा त्याचा कट. अक्षतांची वाटी त्याने कुठेतरी दडवली होती. तिसरीतल्या मुलाचा हिशेब सरळ असतो: अक्षता नाहीत म्हणजे पूजा नाही, पूजा नाही म्हणजे मूर्ती हलणार नाही, म्हणजे बाप्पा डोंबिवलीतच.

घरातल्यांनी आधी दटावलं, मग पेढ्याचं आमिष दाखवलं. मी म्हटलं, राहू द्या. तो माझ्याजवळ येऊन मखराकडे तोंड करून बसला. पाच दिवसांपूर्वी बांधलेला आंब्याचा टहाळा वर लोंबत होता. पानं वाळून कडा वळल्या होत्या.

"आबा," तो म्हणाला, "ही पानं मेली ना? मग पडत का नाहीत?"

वाटीपेक्षा हा प्रश्न मोठा होता. नववीतली नातही पुस्तक मिटून सरकली. मग मीही भिंतीला पाठ टेकली.

तर ऐका. आपल्या सोसायटीच्या फाटकाजवळ देशी बदाम आहे ना, त्याची पानं लाल होऊन टपाटप पडतात, रोज झाडावी लागतात. हा टहाळा मात्र महिनाभर असाच ठेवला तरी त्याची बरीच पानं चिकटून राहतील. मांडवाला बांधलेले टहाळे आठवा, लग्न होऊन वरात गेली तरी पानं जागच्या जागी. कारण काय? पान गळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. हा टहाळा आपण कोयत्याने तोडला. त्याला ते काम करायला वेळच मिळाला नाही.

पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो, तिथे लहान लहान पेशींचा एक पातळ पट्टा असतो. तो पान कोवळं असतानाच घातलेला असतो. म्हणजे शिवतानाच पुढे कुठून उसवायचं ती रेघ आखून ठेवलेली. पान जोवर कामावर आहे, तोवर ते ऑक्सिन नावाचं एक रसायन देठातून खाली पाठवत राहतं. ही त्याची हजेरी. हजेरी लागते तोवर पट्टा गप्प असतो. पान म्हातारं झालं की हजेरी तुटक होते, आणि मग दुसऱ्याच रसायनाचं फावतं, इथिलीनचं. इथिलीन तुम्ही पाहिलं नसेल, पण आंब्याची आढी पाहिली आहे. पेंढ्यात आंबे झाकले की त्यांच्यातून निघणारा जो वायू कोंडून राहतो आणि सगळी आढी पिकवतो, तोच हा.

पण पान सुटण्याआधी झाड एक काम करून घेतं, आणि मला झाडाचं सर्वांत कौतुक त्याचं वाटतं. ते पानातला माल परत घेतं. हिरवा रंग मोडून त्याच्या आसपासचा नायट्रोजन, फॉस्फरस फांदीत ओढून घेतं. साधारण निम्मा तरी परत येतो. हिरवा गेला की मागे दडलेला पिवळा दिसू लागतो. बदामाचं झाड तर वर लाल रंग नव्याने बनवतं. मग त्या पट्ट्यातल्या पेशींमधला डिंक विरघळू लागतो. पेक्टिन म्हणतात त्याला, पेरूची जेली ज्याच्यामुळे घट्ट होते तेच. आणि त्याच वेळी फांदीच्या बाजूला बुचाचा थर चढतो. बाटलीचं बूच असतं ना, त्याच जातीचा. पाणी आत शिरत नाही, रोग शिरत नाही. शेवटी देठात दोनचार धागे उरतात, ते वाऱ्याच्या झुळकीने तुटतात. पान खाली येतं तेव्हा फांदीवर जखम नसते, नुसती खूण असते. उद्या बदामाची फांदी जवळून बघा, देठांचे ठसे दिसतील.

"म्हणजे पान पडतं तेव्हा काम संपलेलं असतं," नात म्हणाली.

हो. माझ्या कारखान्याचंही असंच झालं होतं.

तुम्ही नव्हता तेव्हा. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये माझा आणि एका मित्राचा गाळा होता. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल आणि पाच माणसं. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडायची आणि दिवसभर जॉब काढायचे. एकोणीस वर्षं चाललं. मग सीएनसी यंत्रं आली, आमच्या हातकामाला भाव उरला नाही, आणि मित्राच्या गुडघ्यांनीही असहकार पुकारला. एका दुपारी डबा खाताना तो म्हणाला, "आता पुरे करू या." मला राग आला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तुझ्यासारखाच, रे.

भागीदारी मोडायला कायद्यात जो शब्द आहे, तो ऐकून तुम्हाला गंमत वाटेल: विसर्जन. १९३२ सालचा भागीदारी कायदा आहे, अजून तोच चालतो. त्यात पैसे वाटायचा क्रम लिहून दिला आहे. आधी बाहेरच्यांची देणी: पोलादवाला, वीजबिल, कामगारांचे पैसे. त्यानंतर भागीदाराने भांडवलाव्यतिरिक्त उसने घातले असतील ते. मग ज्याचं त्याचं भांडवल. आणि एवढं करून काही शिल्लक राहिलं, तर ते नफ्याच्या वाटणीप्रमाणे. आपला वाटा सर्वांत शेवटी! बरं, नुसतं आपसात ठरवून भागत नाही. जाहीर नोटीस द्यावी लागते. आमच्यासारख्या नोंदणी झालेल्या भागीदारीसाठी तर निबंधकाला कळवायचं, सरकारी राजपत्रात छापायचं, आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रातही. तोवर बाहेरच्या माणसासाठी तुम्ही भागीदारच. एकाने काही उद्योग करून ठेवला, तर दोघांनी निस्तरायचा.

आम्हाला चार महिने लागले. रोज संध्याकाळी वही उघडायची, येणी वसूल करायची, एकेक खातं बंद करायचं. मोठा वाद कशावरून झाला, सांगू? जुन्या लेथवरून. भंगारात तिचे फारसे पैसे येणार नव्हते, पण दोघांनाही ती विकवेना. शेवटी आमच्याच एका कारागिराने ती घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. झाडाने परत घेतलेला नायट्रोजन नव्या पालवीला जातो, तशी ती लेथ गेली. शेवटच्या दिवशी आम्ही गाळा झाडून घेतला, किल्ली मालकाला दिली आणि कोपऱ्यावर चहा प्यायलो. त्या मित्राचा फोन अजून दर रविवारी येतो, तुम्हाला माहीतच आहे.

याच्या उलट माझ्या एका नातेवाइकाचं कल्याणात दुकान होतं, तेही भागीदारीत. एके सकाळी गेला तर शटरला दुसरंच कुलूप. ना हिशेब, ना नोटीस. दोन्ही घरं पुढे वीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. हा टहाळा बघा, अगदी तसं. तुटलं, पण सुटलं नाही.

"आबा, गोष्ट निसर्गाची सांगत होतास," धाकटा म्हणाला. बरोबर आहे, म्हातारी माणसं गाळ्यात शिरली की बाहेर येत नाहीत.

तुझा हात पुढे कर. बोटं पसर. आईच्या पोटात तू दीड महिन्याचा होतास ना, तेव्हा तुला बोटं नव्हती. हात म्हणजे एक छोटं वल्हं होतं. मग मधल्या पेशी आपणहून संपल्या आणि बोटं मोकळी झाली. बदकाच्या पायात त्या पेशींचं संपणं थांबवणारा निरोप पोहोचतो, म्हणून त्याचा पडदा राहतो. पावसाळ्यात डबक्यात बेडकाची पिल्लं पाहतोस, त्यांची शेपूट गळून पडते असं तुला वाटत असेल. गळत नाही. ती आतल्या आत जिरवली जाते. त्या दिवसांत पिल्लाचं तोंड आणि आतडं नव्याने घडत असतं, त्याला धड खाता येत नाही. मग शेपटीचीच शिदोरी.

पेशी संपते कशी, ते बघण्यासारखं आहे. ती फुगून फुटत नाही. आधी आकसते. आतले कामगार, कॅस्पेज म्हणतात त्यांना, एकेक खांब कापतात, गुणसूत्रांचे तुकडे करवून घेतात, आणि सगळ्याच्या नीट पुरचुंड्या बांधतात. पेशीच्या आवरणाच्या आतल्या अंगाला असणारा एक पदार्थ बाहेर तोंड करून येतो. ती शेजाऱ्यांना नोटीस. ती वाचून शेजारच्या पेशी, नाहीतर सफाईवाल्या पेशी येतात आणि पुरचुंड्या गिळून टाकतात. सूज नाही, लाली नाही, आपल्याला पत्ताही नाही. तुमच्या अंगात या घटकेला हे चाललेलं आहे. पायाला ठेच लागते तेव्हा मात्र पेशी फुटतात, आतला ऐवज सांडतो आणि अंगठा सुजून टम्म होतो. कल्याणचं शटर, दुसरं काय! आणि जी पेशी संपायचंच विसरते, ती वाढत जाऊन तिच्यातून कर्करोग होऊ शकतो.

जॉन केर नावाच्या एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरला यकृतात अशा आकसून जाणाऱ्या पेशी दिसल्या. पुढे स्कॉटलंडमध्ये वायली आणि करी या दोघांबरोबर त्याने १९७२ साली त्यावर निबंध लिहिला. नाव काय द्यावं? त्यांनी आपल्याच विद्यापीठातल्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकाला विचारलं. त्याने शब्द दिला, ॲपॉप्टॉसिस. अर्थ ठाऊक आहे? झाडावरून पान गळणं! सूक्ष्मदर्शकातून पेशी बघणाऱ्या माणसांनाही शेवटी पानच आठवलं. त्यानंतर एका इवल्याशा कृमीवर काम करणाऱ्यांनी एकेक पेशी मोजली. त्याच्या अंगात १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी संपतात. उरतात ९५९. दर वेळी त्याच. याच कामाबद्दल २००२ सालचं नोबेल मिळालं ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना.

नात बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "आजी गेली तेव्हा तू ठाण्याला जायचास ना, दर बुधवारी?"

जायचो. आमच्या लहानपणी कुणाला वेडा म्हणायचं असलं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणत. १९०१ पासून तिथे मनोरुग्णालय आहे, म्हणून. पुढे त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच संस्था काढली आणि मनाचं दुखणं साध्या माणसांशी साध्या मराठीत बोलायला सुरुवात केली. तरी मला समुपदेशकाकडे जायला सत्तरी उलटावी लागली, यात काय ते आलं.

मी ज्या ताईंकडे जात होतो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, साधारण सोळा भेटी. मी ते विसरून गेलो. बाराव्या भेटीत त्या म्हणाल्या, "काका, आता निरोपाचं बोलू या." माझी झोप पुन्हा उडाली. थांबलेलं रडू परत आलं. मला वाटलं, सगळी मेहनत वाया गेली. त्या म्हणाल्या, असं पुष्कळांचं होतं. नवा निरोप जवळ आला की जुना जागा होतो, आणि तेवढ्यासाठीच या शेवटच्या भेटी राखून ठेवलेल्या असतात. तुझ्या आजीने निरोप घ्यायला उसंत दिली नव्हती गं. रात्री बोलत होती, पहाटे नव्हती. या निरोपाला मात्र महिने होते. आधी आठवड्याला भेट, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. शेवटच्या भेटीत त्यांनी मला वहीत लिहायला लावलं: कोणत्या दिवशी जड जाईल, तेव्हा कुणाला फोन करायचा, काय झालं तर परत यायचं. मी लिहिलं, दिवाळीची चकली. आजी तळायची तेव्हा पहिली मला चाखायला द्यायची.

मनाचे उपचार करणाऱ्या फ्रॉइडचं नाव ऐकलं असेल. त्याने एका रशियन रुग्णाचे उपचार चार वर्षं चालवले, ते संपेनात, तेव्हा तारीखच ठरवून टाकली, आणि १९१४ साली त्या तारखेला थांबला. काही दिवस छान गेले, पण पुढे त्या माणसाला पुन्हा उपचार घ्यावे लागले. म्हातारपणी, १९३७ साली, फ्रॉइडने उपचार संपतात की संपतच नाहीत, यावर एक मोठा निबंध लिहिला. एवढा मोठा माणूस, पण शेवट कसा करावा, हे कोडं त्यालाही ऐंशीच्या वयात पडलेलं होतं. मला त्याच्याबद्दल उगीच जवळीक वाटते.

"आणि येऊरची कारवी? तीही ठरलेल्या वेळी संपते ना?" धाकट्याला आठवलं.

वा! ती कशी विसरेन? येऊरच्या डोंगरावर २०१६ साली फुलली होती, नंतर थेट २०२४ला. सात वर्षं नुसती पानं आणि काठ्या, आठव्या वर्षी सगळा डोंगर जांभळा, मधमाश्यांची चंगळ. एकदाच फुलायचं आणि वाळून जायचं. सगळी झुडपं एकदम फुलतात म्हणून बियाही इतक्या होतात, की किड्यांना, उंदरांना खाऊन खाऊन पुऱ्या पडत नाहीत. वाळल्या काठ्या पाड्यावरची माणसं नेत, शेणमातीने लिंपून कुडाच्या भिंती करत. पण बोंडं लगेच उघडत नाहीत. वाळकी आई उभीच राहते, हिवाळा, उन्हाळा. २०२५च्या पहिल्या पावसात आपण गेलो होतो, आठवतं? तू घाबरून माझा हात धरलास.

"फटाके वाजत होते," तो म्हणाला.

बोंडं भिजून फुटत होती. फट्, फट्, सगळ्या उतारावर.

आतून हाक आली. आरती लावायची होती. तो उठला, कपाटामागे हात घातला आणि अक्षतांची वाटी काढली. काही तांदूळ सांडले होते, ते वेचले. सुनेने दहीपोह्यांची शिदोरी मूर्तीपुढे ठेवली. आरती झाली, प्रत्येकाने अक्षता वाहिल्या. "मी हलवू?" त्याने विचारलं. बापाने त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मूर्ती जागेवरून बोटभर सरकवली.

मग मोरया मोरया करत सगळे चपला शोधू लागले. तो मात्र परत आला, स्टुलावर चढला, आणि टहाळ्याचं एक वाळकं पान धरून ओढलं. निघेना. जोर लावला तसं निघालं, आणि सोबत फांदीच्या सालीचा लांब धागा सोलून आला. तो धागा त्याने मला दाखवला, काही बोलला नाही, आणि खिशात घालून जिन्याकडे पळाला.