कैसराचे नाणे : ख्रिस्ती श्रद्धा आणि राज्यसत्ता

दि. 10 ते 12 जानेवारी 2020 या काळात आपल्या धाराशिव नगरीत, जिचे अधिकृत नाव त्यावेळी उस्मानाबाद होते, 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळत होता. निवड जाहीर होताच काही संघटनांनी तिला विरोध केला. पुढे अध्यक्षीय भाषणात त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि समाजातील असहिष्णुता यांविषयी परखड मते मांडली. राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मित्रमंडळींत हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो : पाद्र्याला राजकारणाशी काय करायचे आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर ख्रिस्ती धर्म राज्यसत्तेकडे कसा पाहतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

या विचाराचे मूळ नव्या करारातील एका प्रसंगात आहे. रोमन बादशहाला, म्हणजे कैसराला, कर द्यावा की नाही, असा पेच विरोधकांनी येशूपुढे टाकला. 'द्या' म्हटले तर लोक खवळणार, 'देऊ नका' म्हटले तर राजद्रोह. येशूने एक नाणे मागविले आणि त्यावर मुद्रा कोणाची आहे, असे विचारले. ती कैसराची होती. तेव्हा कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्यावे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पुष्कळ भाष्यकार येथे एक मार्मिक गोष्ट दाखवून देतात. नाण्यावर कैसराची मुद्रा, पण बायबलच्या शिकवणुकीप्रमाणे माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे. म्हणून नाणे सरकारला देता येईल, पण अख्खा माणूस सरकारच्या स्वाधीन करता येणार नाही.

पुढे प्रेषितांच्या काळात या विचाराला दोन धारा आल्या. इ. स. 57 च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे, कर चुकवू नये असे सांगितले. उलट, उपदेश करण्यास बंदी झाली तेव्हा पेत्राने माणसांपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानली. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात. परंतु दोन्ही मिळून एकच सूत्र तयार होते : शासन आवश्यक आहे, आदरणीय आहे, पण ते अंतिम नाही.

इतिहासात हे सूत्र नेहमीच पाळले गेले असे मात्र नाही. युरोपातील राजांनी पौलाचे वचन पुढे करून आपली सत्ता ईश्वरदत्त ठरविली आणि पुष्कळदा धर्मपीठांनी त्यांना साथ दिली. जर्मनीत हिटलरच्या मागे गेलेले ख्रिस्ती थोडे नव्हते. पण त्याच देशात 1934 साली बार्मेन येथे जमलेल्या प्रॉटेस्टंट मंडळींनी चर्चवर हुकूमशाहीची मालकी मान्य नाही असे जाहीर केले. पुढे नाझी राजवटीला विरोध करणारे धर्मपंडित डिट्रिच बॉनहॉफर यांना एप्रिल 1945 मध्ये फासावर चढविण्यात आले. म्हणजे एकाच ग्रंथाचे वाचक दोन टोकांना गेले. ग्रंथ वाचणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी जागी आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

कॅथलिक चर्चने या बाबतीत एक स्पष्ट रेषा आखली आहे. 1983 च्या धर्मसंहितेनुसार धर्मगुरूला राज्याधिकाराचे पद स्वीकारता येत नाही आणि राजकीय पक्षात सक्रिय भाग घेण्यासही सर्वसाधारणपणे मनाई आहे. मात्र न्याय-अन्यायाविषयी बोलण्यास मनाई नाही. पक्षीय राजकारण हे प्रापंचिक ख्रिस्ती नागरिकांचे क्षेत्र. बॅ. जोसेफ तथा काका बॅप्टिस्टा हे त्याचे ठळक उदाहरण होय. लोकमान्य टिळकांचे हे कॅथलिक सहकारी 1916 साली त्यांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. फादर दिब्रिटो यांनी निवडणूक लढविली नाही. पण वसईचा हिरवा पट्टा बांधकामांखाली जाऊ लागला, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा 'हरित वसई संरक्षण समिती'च्या आंदोलनात ते अग्रभागी राहिले. त्यांच्या दृष्टीने ते सत्ताकारण नव्हते, शेजारधर्म होता. 25 जुलै 2024 रोजी ते निवर्तले.

आपल्या जिल्ह्याला तर हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकविणाऱ्या एका शिक्षकाने 1932 साली संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या जोखडातून सुटला. संन्याशाचे राजकारणाशी काय काम, असे आज आपण विचारत नाही. उलट कृतज्ञतेने त्यांचे नाव घेतो. स्वामीजी पुढे लोकसभेतही गेले. कॅथलिक धर्मगुरूला तेवढी मोकळीक नाही, इतकाच काय तो फरक.

तरीही ख्रिस्ती माणूस राजकारणावर बोलताना पुष्कळदा कचरतो. संख्याबळ थोडे, हे एक कारण. दुसरे कारण कायद्यात आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना लागू झाला, पण ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाही. मराठवाड्यातील एखाद्या दलित तरुणाने उघडपणे ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, तर शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांवरील त्याचा अनुसूचित जातीचा हक्क जातो. गावकुसाबाहेरचे घर मात्र तेथेच राहते. ज्याला आपल्या श्रद्धेची अशी किंमत मोजावी लागते, त्याच्यासाठी सरकार हा केवळ परीक्षेतला विषय राहत नाही.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. धर्मगुरूने मते मागू नयेत, कोणत्याही पक्षाचा भाट होऊ नये. पण अन्याय दिसत असताना त्याने मुके राहावे, अशी अपेक्षा आपण करू नये. कर भरावा, कायदा पाळावा आणि प्रसंगी सत्तेला 'नाही' म्हणण्याची तयारी ठेवावी, ही शिकवण कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणताच धर्म न मानणाऱ्या नागरिकालाही उपयोगी पडण्यासारखी आहे. आपण विद्यार्थी लवकरच मतदार होणार, काहीजण झालोही आहोत. निदान आपण तरी बोलणाऱ्याचा धर्म पाहण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेऊ या.