पणजीचं नाव शोधताना

पणजोबांचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना सांगता येतं. पणजीचं विचारलं, की मात्र आपण घुटमळतो. राजेरजवाड्यांच्या बखरी लिहिल्या गेल्या. शेतात राबणाऱ्या बाईची नोंद कुणी ठेवली असेल का? ठेवली आहे, फक्त ती एका जागी नाही.

माझ्या आईच्या आजीचा माग मी काढला, तो घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून. माहेरचं गाव कोणतं आणि तिचे भाऊ कोण, एवढं कळलं तरी धागा हाती लागतो. पुढची पायरी म्हणजे तहसील कार्यालयातलं जुनं दप्तर. तिथे ‘गाव नमुना नंबर १४’, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘कोतवाल बुक’, पाहायला मिळतं. ही गावाची जन्ममृत्यूची नोंदवही. जुनी पानं पुष्कळदा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत हवा. बारशाआधीच नोंद झाली असेल, तर बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगी’, इतकंच सापडतं.

नाव सापडतं ते बहुधा जमिनीच्या कागदात. सातबारा आजचा मालक सांगतो. जमीन त्याच्याकडे कशी आली, हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे नमुना नंबर ६ मध्ये कळतं. खातेदार वारला, की तिथे वारसांची नावं लागतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वारस मानलं. पणजीचं माहेरचं नाव मला भेटलं ते अशाच एका वारस नोंदीत. पुढच्या फेरफारात ते कमीही झालं होतं. तिने भावांसाठी हक्क सोडला होता. माहेरची वाट बंद होऊ नये, म्हणून किती जणींनी असं केलं असेल!

ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांनी जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहावं. मुलाची जन्मतारीख, जात आणि गाव त्यात मिळतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्याही उपयोगी पडतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की यात्रेला येऊन गेलेल्या पिढ्यांची नावं ते काढून देतात.

पण कागद थांबतील. घरातली सर्वांत वयस्कर बाई आज बोलू शकते. तिचं माहेरचं पूर्ण नाव, तिच्या आईचं नाव आणि गाव आजच विचारून घ्या, आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा.