मधली वही

आपल्या मंडळात भाषांतरावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी ज्या भाषांतराबद्दल लिहिणार आहे ते एका वाक्याचं होतं, चुकीचं होतं, आणि ते मी केलं होतं.

आमचं घर कडोदऱ्याला. सुरतेजवळ, पलसाणा तालुक्यात, हायवेला लागून. डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि आमच्या लाइनीत खानदेश, यूपी, बिहार, ओडिशा असं सगळीकडचं माणूस. शेजारच्या वहिनी धुळ्याकडच्या. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, बालवाडीत गुजराती. त्यांचा मुलगा (त्याला इथे छोटू म्हणूया) साडेतीन वर्षांचा असताना बालवाडीच्या बेननी वहिनींना बोलावून घेतलं. वहिनींना गुजराती कळतं, पण बोलायची हिंमत होत नाही, म्हणून मी सोबत गेले. बेन म्हणाल्या, नाव घेऊन हाक मारली तरी सामे जोतो नथी, वळूनही बघत नाही. काही हवं असलं की माझा हात ओढत नेतो, पण बोटाने दाखवत नाही. मुलांत बसत नाही. एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा.

वहिनींचा चेहरा बघून मी सांगितलं, "बेन म्हणताहेत, जरा लाजाळू आहे. होईल हळूहळू."

त्यावर आठ महिने गेले.

बेननी सांगितलेल्या गोष्टी साध्या वाटतात, पण बालविकासाचे डॉक्टर नेमकं हेच विचारतात. साधारण वर्षाचं मूल चिमणी दिसली की बोट करतं आणि वळून आईकडे बघतं, 'तुला दिसली का?' असं विचारल्यासारखं. चिमणी त्याला नको असते, आईने ती बघावी एवढंच हवं असतं. याला जॉइंट अटेन्शन म्हणतात, म्हणजे दोघांनी मिळून एका गोष्टीकडे बघणं. भाषा या बघण्यावर चढते. ऑटिझम असलेल्या मुलांत हे बघणं उशिरा येतं किंवा वेगळ्या वाटेने येतं. जोडीला काही मुलं ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणतात, गाडीचं फक्त चाक फिरवत बसतात, मिक्सरच्या आवाजाने कानावर हात ठेवतात. यातली एखादी खूण दिसली म्हणजे ऑटिझम असं नाही. आधी कान तपासतात, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. नुसता बोलण्यातला उशीरही असू शकतो.

मराठीत याला आपण 'स्वमग्नता' म्हणतो. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला हा शब्द खटकतो. कवी स्वमग्न असतो तेव्हा ते कौतुक असतं, मूल स्वमग्न म्हटलं की वाटतं, त्याला कुणी नकोच आहे. छोटूला माणसं हवी असतात. ती कशी बोलवायची हे त्याला सापडत नाही.

आता वहिनींची बाजू. आठ महिन्यांनी मी खरं सांगितलं तेव्हा त्या चिडल्या. माझ्यावर कमी, बेनवर जास्त. "मना पोऱ्या मुका नही," म्हणाल्या. आणि ते खोटं नव्हतं. घरी छोटू टीव्हीवरच्या जाहिराती पूर्ण म्हणायचा, वडिलांची पाळी सुटायच्या वेळी दारात जाऊन बसायचा. हे बेनना माहीत नव्हतं. पंचवीस मुलांच्या गोंगाटात तो काय करतो हे वहिनींना माहीत नव्हतं. दोघींकडे एकाच मुलाचे दोन अर्धे होते, आणि दोघींना वाटत होतं की दुसरी काहीतरी लपवते आहे. पालक-शिक्षक भागीदारी वगैरे मोठे शब्द आपण वापरतो, त्याची सुरुवात हे दोन अर्धे शेजारी ठेवण्यापासून होते.

पालकांना या कामात घ्यायचं हेही जुनं नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात वेगळी जागा दिली, पण पुढची कित्येक वर्षं दोष आईवर टाकला गेला. आई थंड, म्हणून मूल असं, अशी समजूत. ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 मध्ये पुस्तक लिहून तीच पसरवली. त्याच्या तीन वर्षं आधी, 1964 मध्ये, स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी ही समजूत खोडणारं पुस्तक लिहिलं होतं. नंतर नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांनी आईवडिलांना सह-उपचारक मानून काम उभं केलं, आणि 1972 मध्ये ते त्या राज्याचा अधिकृत कार्यक्रम झालं. आपल्याकडे मेरी बरुआ यांनी 1991 साली दिल्लीत सुरू केलेली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' आईवडिलांना मुलासोबतच बसवून शिकवते. मेरी बरुआ स्वतः अशा मुलाची आई. कडोदऱ्यात मात्र 'आईनेच मोबाइल दिला म्हणून' हे वाक्य मी कालपरवाही ऐकलं.

आपल्याला जवळचं एक उदाहरण गोव्याचं आहे. 'संगाथ' या संस्थेने गोव्यात, आणि सोबत पाकिस्तानातल्या रावळपिंडीत, 65 मुलांवर एक अभ्यास केला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ डॉक्टर कमी, म्हणून साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्या घरी जायच्या. आई आणि मूल खेळत असताना थोडा वेळ व्हिडिओ काढायचा आणि मग आईबरोबर बसून तो बघायचा. इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, दिसलं का? त्याआधी तुम्ही काय केलं होतं? गप्प बसला होतात. मग परत गप्प बसून बघा. अशा 12 बैठका. आयांची मुलाला साथ देण्याची पद्धत बदलली आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही, एक माप उलट खाली गेलं. पुढे इंग्लंडमध्ये हीच पद्धत घर आणि शाळा दोन्हीकडे नेली, 248 मुलांसोबत. निकाल 2022 साली आला. ऑटिझमच्या लक्षणांच्या मोजमापात फरक पडला नाही, पण घरी पालकांशी आणि शाळेत मोठ्यांशी मुलांची देवाणघेवाण वाढली. म्हणून कुणी 'बरा करून देतो' म्हणालं तर त्या दारातून परत फिरावं. हे वाढणं मात्र खरं आहे आणि पुरेसं मोठं आहे.

भाषेचा प्रश्न आपल्या मंडळाचा, म्हणून त्यावर थोडं थांबते. वहिनींना दोन-तीन जणांनी सांगितलं की घरात अहिराणी बंद करा, एकच भाषा ठेवा, पोरगं गोंधळलंय. ऐकायला पटतं. पण दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या अभ्यासांत दुसऱ्या भाषेमुळे नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. आणि अहिराणी बंद केल्यावर काय झालं ते मी बघितलं. वहिनी गप्प झाल्या. तोडक्यामोडक्या गुजरातीत आई अंगाई म्हणेल कशी, रागावेल कशी? ज्या मुलाला बोलणं जास्त हवं, त्याच्याच घरातलं बोलणं कमी झालं. स्पीच थेरपिस्टनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तुमच्या बोलीत बोला, फक्त छोटी वाक्यं करा. मग वहिनी साडीला डायमंड चिकटवता चिकटवता पुन्हा बोलायला लागल्या.

मग वही आली. शंभर पानी, छोटूच्या दप्तरात घरी आणि शाळेत फिरणारी. नियम मी आणि बेननी मिळून ठरवले, फार नाहीत. रोज दोन्हीकडून दोन-तीन ओळी. 'त्रास दिला' असं लिहायचं नाही, काय झालं आणि त्याच्या आधी काय झालं ते लिहायचं. यातून कळलं की तो डब्याच्या आधी रडतो, कारण हात धुण्याच्या नळाशी गर्दी होते. बेननी त्याला दोन मिनिटं आधी पाठवलं, रडणं संपलं. एवढंच. घरून कळलं की त्याला ट्रकची चाकं आवडतात, तर बेननी गोलाकार शिकवायला ट्रकचं चित्र घेतलं. पाणी, शू, बस, पुरे, या चार गोष्टींची तीच चार चित्रं घरी भिंतीवर आणि वर्गात. शब्द वेगळे, चित्र एक. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजून थांबायचं, त्याच्या तोंडातला शब्द आपण बोलून टाकायचा नाही, हेही दोन्हीकडे सारखं. वहिनी लिहू शकत नाहीत, त्या बोलायच्या आणि मी लिहायचे. कॉलेज सुरू झाल्यावर त्या रोज व्हॉइस मेसेज पाठवतात. आठवड्याचं राहिलेलं मी घरी आले की रविवारी मिस्सेनंतर बसून उतरवते.

खासगी बालवाडीत हे बेनच्या चांगुलपणावर चाललं, आणि मला ते बरोबर वाटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, ऑटिझम त्यात आला. पण मोफत शिक्षणाचा त्यातला हक्क 6 ते 18 वयाचा, म्हणजे ज्या वयात मदत सर्वात उपयोगी तेच बाहेर. त्या वयासाठी अंगणवाडी आहे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी वेगळी कार्यपद्धतीही आणली. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर वाट न बघता तिथे विचारा.

अंगणवाडीवरून आठवलं. ही कल्पना एका मराठी बाईने गुजरातेत शिकून घडवली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणात होत्या, 1926 च्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कामात होत्या, आणि 1945 मध्ये बोर्डीला येऊन त्यांनी शाळा थेट वस्तीच्या अंगणात नेली. अंगणात शाळा भरली की आई भांडी घासता घासता बघते, बाईंना घर दिसतं. वहीची गरजच नाही. गुजरातेत अंगणवाडीच्या मदतनिसाला अजून तेडागर म्हणतात, मुलांना घरून बोलावून आणणारी.

छोटू आता साडेपाचचा आहे. गेल्या महिन्यात घरी गेले तेव्हा वहिनींनी वही पुढे केली. बेननी लिहिलं होतं, आज त्याने माझी ओढणी ओढली, खिडकीतून ट्रक दाखवला, आणि माझ्याकडे बघितलं. वहिनींनी ते दोनदा वाचायला लावलं. खाली आणखी एक ओळ होती. मी तीही वाचली: दुपारी शेजारच्या मुलाला चावला, त्याआधी त्या मुलाने चित्र ओढलं होतं, उद्या बोलूया.

"उद्या कधी, विचार," वहिनी म्हणाल्या. मी लिहिलं.