भावासाठी सोसलेला मार

इगतपुरी तालुक्यातील घोटी हे तांदळाच्या व्यापाराचे गाव. तेथील पाऊस एकदा धरला म्हणजे घराबाहेर पडण्याची सोयच राहत नाही. अशाच एका दुपारी तेथील स्नेह्यांच्या घरी तीन पिढ्या दूरचित्रवाणीपुढे ‘बाशा’ पाहत बसल्या होत्या. आम्हीही त्यांत सामील झालो. चित्र तमिळ, संवाद हिंदीत घातलेले, आणि मारामाऱ्या, गाणी, विनोद व अश्रू यांचा मसाला सढळ हाताने पेरलेला. असल्या चित्रांना नाक मुरडण्याची सुशिक्षितांची रीत आम्हांस ठाऊक आहे. पण आजीबाईंनी जपमाळ बाजूस ठेविली होती, तेव्हा यात आपल्या घरांच्या ओळखीचे काही असले पाहिजे.

सुरेश कृष्णा यांचा हा बोलपट 1995 च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. नायक रजनीकांत हे मूळचे शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्या मराठी कुटुंबात 1950 साली त्यांचा जन्म झाला. तेथेच ते बसचे कंडक्टर होते आणि 1975 साली के. बालचंदर यांच्या चित्रातून पडद्यावर आले. कथेतील माणिकम हा मद्रासेत रिक्षा चालवून भावंडांना मार्गी लावणारा वडील भाऊ. एके काळी मुंबईस ज्याच्या नावाचा दरारा होता तो बाशा हाच. परंतु मरणोन्मुख पित्याला दिलेल्या शब्दाखातर त्याने ते नाव टाकिले आहे. पोलिसांत असलेल्या धाकट्या भावावर गुंड चालून येतात, तेव्हा हा स्वतःस पुढे करतो, खांबाला बांधला जातो आणि निमूटपणे मार खातो.

आम्हांस येथे विराटाघरचा बल्लव आठवला. भर सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो आणि थोरल्या भावाच्या इशाऱ्यासरशी भीम जागच्या जागी थिजतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 साली सरकारने बंदी घातली ती राजकीय कारणांनी, पण त्या कथेची गोडी मुळात या आवरलेल्या हातातच आहे. माणिकमचा हात सुटतो तो बहिणीच्या अंगाला कोणी हात लाविल्यावर. त्यापुढील मारामारी, खरे सांगावयाचे तर, लांबली आहे. एकेक मनुष्य इतका उंच उडतो की हसू यावे.

घरच्या सूनबाईंनी मात्र मार्मिक प्रश्न केला. एवढे सारे ज्यांच्यासाठी, त्यांना काही सांगितले होते काय? तो प्रश्न आम्हांस पटला. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्याने कर्ज लपवावे, दुखणे लपवावे आणि त्यालाच माया म्हणावे, हे आपण पुष्कळ पाहिले आहे. चित्रात आई व बहिणी जवळजवळ रडण्यापुरत्याच आहेत. संशय येतो तो भावाला. जुनी छायाचित्रे हाती लागताच तो दादाला जाब विचारतो. इतक्या जपून झाकलेले वैरही शेवटी मार्क अँटनीच्या रूपाने तुरुंगातून पळून दाराशी येतेच, आणि ओलीस राहतात ती घरचीच माणसे.

अखेरच्या झटापटीत अँटनी माणिकमवर नेम धरतो. त्या क्षणी गोळी झाडतो तो धाकटा भाऊ; आणि तोवर त्याला दादाचे सगळे ठाऊक झालेले असते.