बुचाची परात: बाहुलीघर आणि टाकाऊ जिनसा

मंडळी, आज एका खेळकर वाटेनं तत्त्वज्ञानाकडे जाऊ. बाहुलीघरातली भांडीकुंडी, कपाटं, पडदे घरच्या टाकाऊ जिनसांमधून करायचे, तर नेमकं काय करावं लागतं, हा आजचा प्रश्न.

आपल्याला भातुकली माहीत आहे. पण भातुकलीचं माप मुलांच्या हातावरून ठरतं. जातं चुलीपेक्षा मोठं असलं म्हणून खेळ अडत नाही. बाहुलीघराचं माप ठरतं आत राहणाऱ्या बाहुलीवरून. तिथे रूढ प्रमाण एकास बारा, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तिथे एक इंच. नवी दिल्ली रचणाऱ्या ल्युटेन्स यांनी राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ मध्ये केलेलं बाहुलीघर याच प्रमाणातलं. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे.

एकदा हे प्रमाण धरलं की घरातली प्रत्येक वस्तू बारानं गुणून बघायची. शीतपेयाच्या काचेच्या बाटलीचं पत्र्याचं बूच साधारण तीन सेंटिमीटर. गुणा! छत्तीस. म्हणजे ती वाटी नव्हे, ती परात झाली. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातला एकेक फुगा झाला वाटी. आगपेटी पाचेक सेंटिमीटर, म्हणजे साठ. तीन एकावर एक चिकटवल्या, ओढायला मणी लावले, की खणांचं कपाट.

इथपर्यंत सोपं आहे. अडचण पुढे येते, कारण माप लहान करता येतं, पदार्थाचा स्वभाव लहान होत नाही. पडदाच घ्या. वीतभर कापड टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतं. त्याच कापडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आडवा ताठ राहतो. स्वतःला वाकवण्याइतकं वजनच त्याच्यात उरलेलं नसतं. म्हणून दुकानातल्या कोऱ्या कापडाचा पडदा बाहुलीघरात पत्र्यासारखा दिसतो. मग करायचं काय? धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा घ्यायचा. पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये तो बुडवायचा, थर्माकोलवर प्लास्टिकची पिशवी पसरून त्यावर ठेवायचा, चुण्या पाडून टाचण्या टोचायच्या आणि रात्रभर वाळू द्यायचा. सकाळी चुण्या जागच्या जागी!

लाकडाचंही तसंच. खोक्याच्या फळीतली ठळक रेघ बारानं गुणली की बोटाएवढी रुंद होते; आइस्क्रीमच्या काडीची रेघ बारीक, म्हणून जमिनीच्या फळ्यांना ती चालते.

धोतराकडे पुन्हा बघा. इथे जुनं कापड नव्याची गरीब बदली म्हणून आलेलं नाही. ते जुनं आहे म्हणूनच लायक आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' असं आपण म्हणतो, त्यातलं टिकाऊ हे बरंचसं यमकासाठी आहे. आगपेटीचं कपाट काही टिकत नाही. आणि टाकाऊतून करायचं म्हणून चमकी, रंग नि गोंदाच्या बंदुका विकत आणायच्या, हा प्रकार आम्हाला मुळीच पटत नाही.

आपल्या दर्शनांत माती आणि घडा हा ठरलेला दाखला. तिथली माती कुठलंही रूप घेऊन येत नाही. कुंभार रूप देतो. आपल्या हातात येतं ते बूच रूप आणि नाव दोन्ही घेऊन येतं. क्लोद लेवी-स्त्रोस यांनी १९६२च्या ग्रंथात, एकाच प्रकरणात, हाताशी असेल त्यातून जुळवाजुळव करणाऱ्या कारागिराचा आणि लघुप्रतिकृतींचा विचार केला, तो उगाच नव्हे. असा कारागीर आपल्या साठ्याला विचारत बसतो: तू आणखी काय होऊ शकतोस? आणि प्रत्येक जिनसेचं उत्तर तिच्या आधीच्या आयुष्यानं थोडं बांधलेलं असतं.

बूच उताणं ठेवून कडेचे दाते पक्कडीनं बाहेर वळवले की झाली परात. पण ती उलटी केली की तळाशी शीतपेयाचं नाव. ते रंगवून झाकावं का? पुष्कळ जण झाकतात. आम्ही म्हणतो, राहू द्या. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालून घेतातच की.