नावेचे तोंड वळेना तेव्हा

पंधरवड्यामागे गोव्याहून आमच्या पुतण्याचे पत्र आले. सुटीच्या दिवशी मांडवीच्या पाण्यात फिरावे म्हणून त्याने आठ मीटर लांबीची एक मोटारबोट घेतली आहे. तिच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीखाली, एका कुशीतून दुसऱ्या कुशीत जाणारी आडवी नळी असून तीत विजेच्या मोटारीवर फिरणारा पंखा आहे. बटण दाबताच पंखा पाणी एका बाजूस लोटतो व बोटीचे तोंड दुसऱ्या बाजूस सरकते. यास 'बो थ्रस्टर' म्हणतात. परंतु एके सायंकाळी धक्क्यास लागताना वारा वाढला. पंखा घरघरत राहिला आणि तोंड काही वळेना. बोट धक्क्यावर आदळणार असे पाहून सूनबाईंनी ती थोपविण्यास पाय पुढे केला. तो मागे घेण्यास क्षणाचा विलंब होता तर जन्माचे पंगुत्व पदरी आले असते. "काका, याहून मोठी मोटार बसवावी काय?" असा त्याचा प्रश्न होता.

विजेच्या यंत्रांत आम्हांस विशेष गती नाही. तथापि हाच मुलगा लहानपणी आमच्याबरोबर मार्कंड्याच्या जत्रेस जाताना चंद्रपूरच्या बाजूने वैनगंगा नावेतून ओलांडीत असे. त्या नावेतील पाठाचे त्यास स्मरण द्यावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम शत्रूचे बळ मोजू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १८ किलोमीटरचा वारा आडव्या बाजूच्या दर चौरस मीटरवर सुमारे दीड किलो भार देतो. वेग दुप्पट होऊन ३६ झाला की भार चौपट, म्हणजे सुमारे सहा किलो होतो. बोटीची दहा चौरस मीटर बाजू वाऱ्यास आडवी असेल, तर पंधरा किलोंचे साठ किलो होतात. सकाळी पुरून उरणारा पंखा सायंकाळी दुबळा ठरतो तो यामुळे. पाणी तर हवेच्या सुमारे आठशे पट घन. सेकंदास एक मीटर वाहणारा प्रवाह अडवून धरलेल्या आडव्या बाजूच्या दर चौरस मीटरवर पन्नास किलोंच्या आसपास रेटा देतो.

आता आमच्या नावाड्याकडे पाहा. त्याच्यापाशी एक बांबू व एक वल्हे, एवढेच साहित्य. जेथे बांबू तळास टेकतो तेथे तो रेटा देऊन तोंड वळवितो. खोल धारेत बांबू टेकत नाही. तेथे तो बळाचा हट्ट धरीत नाही. आधी काठाकाठाने वरच्या अंगास जातो, मग तोंड प्रवाहाकडे ठेवून किंचित पैलतीराकडे तिरपे करतो आणि वल्हे चालवितो. तिरप्या कुशीवर आदळणारे पाणीच नावेस पलीकडे सारते. तोंड फार आडवे झाले की मात्र नाव त्याच्या हातची जाते. म्हणून ते वळू लागण्यापूर्वीच तो सावरतो.

नद्यांशी बळाने झुंजणे मोठमोठ्यांसही जड गेले आहे. गोदावरी, प्राणहिता व वर्धा या मार्गाने वऱ्हाडचा कापूस समुद्राकडे न्यावा म्हणून इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात मोठा खर्च केला. वाटेत खडकाळ धावत्या पाण्याचे तीन अडथळे होते. त्यांतील तिसरा प्राणहितेवर देवलमरीपाशी. वाफेच्या यंत्राचे युग असूनही त्या खडकांना वळसा घालणारे कालवे खणावे लागले, आणि अखेर १८७१ साली ते काम सोडून द्यावे लागले.

म्हणून पुतण्यास आम्ही लिहिले: मोठी मोटार हा शेवटचा उपाय. आधी आहे ते बळ कोठे गळते ते पाहा. पंखा चालू असतानाच मोटारीच्या टोकांशी विजेचा दाब मोज. बारा व्होल्टचे नऊ-दहाच उरत असतील तर बॅटरी थकली आहे, तार बारीक आहे किंवा सांधे गंजले आहेत. नळीत व पंख्यावर शिंपले, शेवाळ साचले असल्यास खरवडून काढ. मागील भागात ओझे फार असेल तर तोंड वर उचलले जाते व नळी पृष्ठभागाजवळ येऊन पंखा हवा ओढतो; ओझे पुढे घे. बोट वेगात असता पंख्याचा जोर लागत नाही, म्हणून ती जवळजवळ थांबल्यावरच बटण दाब, आणि तेही थोडे थोडे. सतत चालविल्यास मोटार तापते.

एवढे करूनही बळ अपुरे पडले तर नावाड्याचे अनुकरण कर. वारा व ओहोटी यांपैकी जे प्रबळ असेल त्याकडे तोंड करून धक्क्यास ये. निघताना मागल्या टोकाचा दोर धक्क्यावर पुढच्या बाजूस बांध, मागल्या कोपऱ्यास रबरी फुगे लाव व इंजिन हळू उलटे चालव. मागची बाजू धक्क्यास टेकेल व तोंड आपोआप बाहेर येईल. मुख्य इंजिनाचे बळ असे दोराच्या साह्याने तोंडास मिळते. तरीही वारा ऐकेना, तर परत खुल्या पाण्यात जाऊन तो ओसरेपर्यंत थांब. त्यात कमीपणा नाही. हे सारे करूनही नेहमीच्या वाऱ्यात तोंड वळत नसेल, तर मग खुशाल मोठी मोटार घे. मात्र तिच्याबरोबर नळी, बॅटरी व तारही मोठी लागेल, हे खर्चात धर.

आणि बोट व धक्का यांमध्ये हात किंवा पाय कोणीही, कधीही घालू नये. बोट खरचटली तर रंग देता येतो.

शेवटी एक गोष्ट लिहिताना हात जड झाला. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडण्यास निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव याच वैनगंगेत उलटली आणि त्यांतील कित्येकींना प्राणास मुकावे लागले. त्यांना नदी ओलांडल्यावाचून मजुरी नव्हती. आपण हौसेने पाण्यावर जातो. म्हणून जत्रेस असो वा सहलीस, घरातील वडीलधाऱ्यांनी नावेत पाऊल ठेवण्यापूर्वी माणसे मोजावी, जास्त असल्यास दुसऱ्या खेपेची वाट पाहावी, मुलांस एका बाजूस उठू देऊ नये आणि प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट आहे याची स्वतः खात्री करावी.

पुतण्याचे उत्तर आले आहे. तार बारीक निघाली. ती त्याने बदलली. सूनबाईंनी खाली दोन ओळी लिहिल्या आहेत की, आता धक्का जवळ येताच त्या पाय आवरून बसतात व दोर हाती घेतात.